हा वाटा कुणाचा?

मावशींच्या ब्लाऊजमध्ये डाव्या बाजूला तांदूळ असायचे. साधे नाहीत, इंद्रायणी, स्वतःच्या शेतातले. जुन्या सुती धोतराच्या तुकड्याची गोल पुरचुंडी शिवून त्यांनी ती तिथे बसवली होती, जिथे ऑपरेशननंतर काही उरलं नव्हतं. बाजारात मिळणारी सिलिकॉनची तयार गादी त्यांच्या सुनेने आणून दिली होती. ती त्यांनी एकदाच घातली आणि "रबरी चप्पल छातीला बांधल्यावानी वाटतंय" म्हणून कपाटात टाकून दिली.

आमची ओळख झाली तीही त्या तांदळांवरून. हॉस्पिटलच्या ओपीडीत बाकावर शेजारी बसलो होतो. नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी माझा हात धरला आणि सरळ त्या पुरचुंडीवर ठेवला.

"बघ, वजन बराबर हाय का न्हाई? एका अंगाला झुकत न्हाई मी."

मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. वजन, माप, नग यांत माझी हयात गेली आहे, पण असं वजन तपासायला कुणी दिलं नव्हतं. बरोबर आहे म्हणाले आणि हात काढून घेतला. माझं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते आणि आपण उभ्या राहिलो की तिरक्या दिसतो या एकाच विचाराने मी घराबाहेर पडत नव्हते. घरी गेल्यावर मीही पुरचुंडी शिवली. मोहरीची. पुढच्या भेटीत मावशींनी ती दाबून पाहिली आणि नापास केली. "मव्हरी घरंगळती. येक दिवस गळ्याशी यील." आली. कारखान्याच्या मीटिंगमध्ये आली. तेव्हापासून मीही तांदूळवाली.

वडगावच्या कुलकर्णीबाई, निवृत्त शिक्षिका, आमच्यातल्या तिसऱ्या. त्या मावशींना चिडवायच्या, "मावशी, पावसाळ्यात किडे होतील हो त्या तांदळात."

"हुईनात. तेवढीच सोबत."

चौथी अश्विनी. खंडाळ्याची, तिशीतली, आमच्यात सगळ्यात लहान. तिचा नवरा संतोष पर्यटकांची गाडी चालवायचा आणि तपासणीच्या दिवशी आम्हा चौघींना त्याच गाडीतून पुण्याला न्यायचा. सकाळी खंडाळ्याहून निघून आधी वडगावला कुलकर्णीबाई, मग तळेगावला मी, आणि शेवटी सोमाटणे फाट्यावर मावशी. त्यांचं गाव फाट्यापासून आत होतं. मोठं शेतकरी घर, चार खोंडांएवढे चार मुलगे, आणि या बाई एके काळी गावच्या सरपंच. ऐन मे महिन्यात डोक्याला माकडटोपी घालून, त्यावरून पदर घेऊन त्या फाट्यावर उभ्या असायच्या. टोपी वारलेल्या नवऱ्याची. केमोने केस गेले तेव्हा सुनेने विग आणायचा म्हटलं, तर म्हणाल्या, "परक्या बाईचं केस डोक्यावं घेऊन फिरू? त्यापरीस आमच्या मालकांची टोपी काय वाईट हाय?"

गाडीत चढल्या की त्या कुणालाही "बरी आहेस का" असं विचारायच्या नाहीत. तो प्रश्न त्यांना आवडतच नसे. "बरं असतं तर हितं कशाला बसलो असतो?" त्या विचारायच्या, काय खाल्लं. उत्तर पटलं नाही तर डबा उघडून भाकरीचा तुकडा हातावर ठेवायच्या आणि तो तोंडात जाईपर्यंत बघत राहायच्या. रडण्याबद्दलही त्यांचा नियम होता. रडायचं ते जाताना. येताना रडायचं नाही, कारण येताना भूक लागलेली असते आणि रडत जेवलं तर अंगाला लागत नाही. मी एकदा येताना देहूरोडपाशी रडले, तर मला म्हणाल्या, "तुझी पाळी सकाळी व्हती. आता बास."

मला याद्या करायची सवय. पिशवीत काय घ्यायचं, डॉक्टरांना काय विचारायचं, कोणत्या रक्ततपासणीला उपाशी जायचं, हे सगळं मी चौघींसाठी लिहून व्हॉट्सॲपवर टाकायचे. मावशी त्याला "तुझं किराणा सामान" म्हणायच्या. वाचायच्या मात्र सगळं. नव्याने आलेली एखादी घाबरलेली बाई दिसली की तिला हाताला धरून हॉस्पिटल दाखवायच्या: इथल्या नळाला गार पाणी येतं, या सिस्टरला शीर पटकन सापडते, त्या बाकावर पंख्याचं वारं लागत नाही. आणि शेवटी माझ्याकडे आणून सोडायच्या. "हिला तुझं किराणा सामान धाड."

आता ज्यासाठी आम्ही जात होतो ते सांगते. आम्ही चौघी एका औषधाच्या चाचणीत होतो. ऑपरेशन, केमो, रेडिएशन हे नेहमीचे उपचार सगळ्यांना मिळत होतेच. त्यावर रोज एक गोळी. निम्म्या बायकांना नवं औषध आणि निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली गोळी. कुणाला कोणती, हे घेणारीला कळत नाही आणि देणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. त्या गोळीने आजार परत यायचा थांबतो का, हे त्यातून कळणार होतं.

सही करायच्या आधी तो संमतीचा जाड कागद मावशींनी डॉक्टरांना मोठ्याने वाचायला लावला होता. मावशींना वाचता येतं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, सावकाश वाचा. "तसं न्हाई. ग्रामसभेत ठराव वाचून दावल्याबिगर मंजूर व्हत न्हाई. सही घ्यायची तर घेणाऱ्यानं वाचायचं." तरुण डॉक्टर बिचारा, घसा कोरडा होईपर्यंत वाचत राहिला. बाहेर रांग वाढली. मध्येच मावशी म्हणाल्या, "थांब, पानी पी," आणि स्वतःची बाटली पुढे केली. पण त्या दिवशी मला ज्या शंका विचारायचा धीर नव्हता, त्या सगळ्यांची उत्तरं मला शेजारी बसून फुकटात ऐकायला मिळाली.

गोळ्या सुरू झाल्या आणि आमच्यात अंदाज सुरू झाले. ते न करण्याबद्दल बजावलं होतं, तरी केलेच. मावशींना तोंड आलं, पोट बिघडलं. झालं, मावशींची खरी. कुलकर्णीबाईंना रात्री दरदरून घाम यायचा. त्यांचीही बहुधा खरी. माझं कधी डोकं दुखायचं, कधी नाही, म्हणून माझं ठरेना. अश्विनीला काहीच होत नव्हतं. भूक चांगली, झोप चांगली. कुणालाही हेवा वाटावा अशी तब्येत, आणि त्याच तब्येतीने ती मनातून खंगायला लागली.

"माझी खोटी आहे," ती एकदा गाडीत म्हणाली.

"असं कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पाहिजे? चांगली गोळी कुणाला देणार ते? ड्रायव्हरच्या बायकोला?"

संतोष पुढे बघत गाडी चालवत राहिला. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसले. अश्विनीला दोन लहान मुली होत्या. तिच्या आईने कोकणात कुणीतरी चूर्ण देणारा शोधला होता आणि त्याची अट होती की बाकीची सगळी औषधं बंद करायची. गोळी तर गोळी, पण नेहमीच्या उपचारातलं दर महिन्याचं इंजेक्शनही बंद. अश्विनी म्हणाली, आई म्हणते तेच बरोबर आहे, फसवणूक करून घ्यायला खंडाळ्याहून एवढं लांब कशाला यायचं. तिचं इंजेक्शन चुकलं तर काय होऊ शकतं हे आम्हा तिघींना माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

मावशी त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढच्या खेपेला आम्हाला नव्या बाटल्या मिळाल्या. परत येताना सोमाटणे फाट्यावर मावशींना उतरवायला गाडी कडेला घेतली, तेवढ्यात मला कारखान्यातून फोन आला. मी खाली उतरून बोलत होते. बोलणं संपवून वळले तर संतोष गाडीकडे पाठ करून, हात मागे बांधून, रस्त्यावरचे ट्रक बघत उभा. आणि गाडीतून मावशींचा खणखणीत आवाज:

"हा वाटा कुणाचा?"

"अं... कुलकर्णीबाईंचा," संतोष म्हणाला.

मी दार उघडलं. मावशींच्या मांडीवर भाकरीच्या डब्याचं झाकण. त्यात पांढऱ्या गोळ्यांचे ढीग. शेजारी रिकाम्या बाटल्या, मावशींची, अश्विनीची आणि कुलकर्णीबाईंची. हो, आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलेल्या कुलकर्णीबाईंचीही.

"बरं झालं आलीस. तुझी बाटली काढ. तुझ्या बी समद्या ढिगांत वाटून टाकू."

मावळात ज्यांनी जत्रेनंतरचं मटण वाटलेलं पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. बोकड कापला की पानांवर वाटे घालतात. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडं हाड, थोडी चरबी, सगळं सारखं. मग एक माणूस वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, हा कुणाचा? पाठ केलेला माणूस नाव घेतो. त्याला वाटा दिसत नाही, म्हणून कुणाला झुकतं माप देता येत नाही. मावशींनी आमच्या गोळ्यांचे वाटे घातले होते. सगळ्यांच्या गोळ्या एकत्र करून सारख्या वाटल्या की प्रत्येकीच्या पोटात थोडं तरी औषध जाईल, अगदीच रिकामी कुणी राहणार नाही, असा त्यांचा हिशेब.

आमच्या धंद्यात दोन लॉटचा माल एकमेकांत मिसळला की संपलं. दिसायला सारखा असला तरी तो परत वेगळा करता येत नाही, आणि कुठला तुकडा कुठल्या मशीनला गेला ते देवालाही सांगता येत नाही.

"मावशी, कुणी खाल्ली का यातली?"

"आजून न्हाई. आदी वाटे तर पडू दे."

"मग झाकण लावा डब्याला. संतोष, गाडी फिरव. परत हॉस्पिटलला जायचं."

"तुझी खरी असंल," मावशी माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "म्हनून झोंबतंय तुला."

ते लागलं मला. पण ओपीडी बंद व्हायच्या आत पोचायचं होतं आणि भांडण नंतरही करता आलं असतं. मी एवढंच म्हणाले, "असेल. चला." कुलकर्णीबाई रडवेल्या झाल्या. "आपल्याला काढून टाकतील हो चाचणीतून."

"काढू देत," अश्विनी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी तशीही येणार नाहीये पुढच्या वेळी."

पुण्यापर्यंत मावशींनी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. हॉस्पिटलच्या दारात मी तो मागितला, डॉक्टरांशी मी बोलते म्हटलं. त्यांनी दिला नाही. "केलंय मी, तर सांगीन बी मीच." आणि खरोखर, माकडटोपी सावरत त्या ताठ आत गेल्या, डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "डाक्टर, मी गोळ्या मिसळल्या. ह्या बायांचा काय दोष न्हाई."

डॉक्टरांनी आधी डब्याकडे पाहिलं. मग मी विचारला होता तोच प्रश्न विचारला, कुणी खाल्ली का. नाही म्हटल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. मग नीट सांगितलं. प्रत्येकीला तिच्या वजनाप्रमाणे कमीजास्त ताकदीची गोळी असते. अश्विनी आमच्यात सगळ्यात हलकी. मावशींची गोळी औषधाची असेल आणि ती हिच्या वाट्याला आली असती, तर हिला त्रास झाला असता. "आणि कुणाला गुण आला, कुणाला नाही, ते मग मला कधीच कळलं नसतं. तुमच्यानंतर येणाऱ्या बायकांना मी काय सांगू?"

मावशींची मान पहिल्यांदाच खाली गेलेली पाहिली मी.

तेव्हा अश्विनी बोलली. "सर, एक विचारू? माझी खोटी आहे ना?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला कसं माहीत नाही? तुम्हीच देता."

"मी फक्त नंबर बघून बाटली देतो. कुठल्या नंबरला काय, ते कॉम्प्युटरने ठरवलं. त्याला तुमचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, नवरा काय करतो ते माहीत नाही. ती यादी आमच्यापैकी कुणाकडेही नाही. काही बिघडतंय असं दिसलं तर ती उघडणारी माणसं वेगळी आहेत."

मावशींनी मान वर केली. "थांब. म्हंजे ते कॉम्प्युटर पाठ करून हुबं हाय व्हय?"

डॉक्टरांना कळेना. मग मावशींनी त्यांना जत्रेतले वाटे समजावून सांगितले, पान, कलेजी, हाड सगळं, अगदी उभं राहून पाठ करून दाखवली. डॉक्टर हसले. "हो. अगदी तसंच."

"आन् हे मला त्या कागदात का न्हाई सांगितलं?"

"होतं त्यात. मी वाचलं होतं."

"वाचलं आसशील. कळंल असं न्हाई वाचलं." मग त्या अश्विनीकडे वळल्या. आवाज एकदम सरपंचाचा. "हे बघ. मी सरपंच व्हते त्या साली जत्रंला माझ्या वाट्याला निस्ती हाडं आली व्हती. वाटं घालनारा येडा व्हता. पर नाव घेनाऱ्याची पाठ व्हती, म्हनून मी तोंड न्हाई उघाडलं. कुणी माझं वाईट चिंतून दिलं न्हवतं ते. पाठ करून पडलेला वाटा आपला म्हनायचा. कळलं का?"

"म्हणजे मला कुणी मुद्दाम नाही दिली," अश्विनी डॉक्टरांना म्हणाली.

"नाही."

"नक्की?"

"मला द्यायची म्हटली तरी देता आली नसती."

ती मग रडली. परतीची वेळ होती, पण मावशींनी नियम काढला नाही. मला वाटतं, तिला इतके दिवस आजारापेक्षा तेच खात होतं, की कुणीतरी आपल्याकडे बघून ठरवलं, हिला नको. बाहेर आल्यावर तिने डोळे पुसले आणि संतोषला विचारलं, "पुढच्या वेळी किती वाजता निघायचं?" संतोषने फडकं काढलं. तो गाडीची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

डॉक्टरांना झाला प्रकार वर कळवावा लागला. निर्णय येईपर्यंतचे दिवस आम्ही गोळीविना काढले आणि ते वाईट गेले. मावशी रोज सकाळी मला फोन करायच्या. "काय आलं का?" "नाही." "तुझं डोकं दुखतंय का?" "नाही." "मग ठीक." फाट्यावर बोललेल्या त्या वाक्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही. पण एक दिवस त्यांचा थोरला मुलगा मोटारसायकलवर नव्या तांदळाचं पोतं घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "आईनं धाडलंय. म्हनली, पुरचुंडीसाठी." एवढ्या तांदळात मी साऱ्या तळेगावाला पुरचुंड्या पुरवल्या असत्या. मी ते ठेवून घेतलं आणि भांडण मिटलं.

निर्णय आमच्या बाजूने आला. गोळ्या पोटात गेल्या नव्हत्या आणि आम्ही त्याच दिवशी स्वतःहून सांगितलं होतं, म्हणून चौघींनाही ठेवलं. नव्या बाटल्या मिळाल्या. मावशींकडून मात्र वेगळी सही घेतली, की यापुढे त्या दुसऱ्या कुणाच्या औषधाला हात लावणार नाहीत. तीही त्यांनी डॉक्टरांना वाचायला लावली.

अश्विनीने त्यानंतर एकही खेप चुकवली नाही. चूर्णाचं काय झालं मी विचारलं नाही. मावशींनी विचारलं असणार.

गोळ्यांचा काळ संपला. शेवटची मोठी तपासणी झाली आणि तिचे रिपोर्ट घ्यायला आम्ही चौघी गेलो. कुलकर्णीबाईंचे चांगले. माझे चांगले. मावशींचे चांगले, फक्त साखर वाढलेली. त्यावर त्या म्हणाल्या, "ती माझी सासू. ती कुटं जानार न्हाई." अश्विनीला आत जाऊन बराच वेळ झाला. दार उघडलं तेव्हा मावशी उभ्याच होत्या. अश्विनीने नुसती मान हलवली आणि हसली. कुठेही काही नाही. सगळं स्वच्छ.

कुणाला कोणती गोळी होती ते आम्हाला अजून कळलेलं नाही. बाकीच्या गावांतल्या बायकांचं पूर्ण होईपर्यंत ती यादी उघडणार नाही. कळवू का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. मी हो म्हणाले, कारण मला अर्धवट राहिलेली नोंद आवडत नाही. अश्विनी म्हणाली, नको.

त्या दिवशी परत येताना गाडीत फार बडबड झाली. कुलकर्णीबाईंनी गाणंसुद्धा म्हटलं. सोमाटणे फाटा जवळ आला तसं मी मधल्या सीटवरून मागे वळून पाहिलं, तर मावशी झोपलेल्या. डोकं अश्विनीच्या खांद्यावर, तोंड उघडं, टोपी कपाळावर घसरलेली. इतक्या खेपा केल्या, पण गाडीत त्यांचा डोळा लागलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या कुणाला झोप लागली की त्या जाग्या असायच्या.

संतोषने आरशात माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जाऊ दे पुढे."

तळेगाव आलं, मीही उतरले नाही. वडगावला कुलकर्णीबाई पावलांचा आवाज न करता उतरल्या. खंडाळ्यापर्यंत गेलो. संतोषने घरासमोर गाडी थांबवली, अश्विनीने अलगद खांदा काढून घेतला, मी मागे जाऊन तिच्या जागी सरकले. ती फाटकातून आत गेली, तिच्या मुली धावत आल्या. संतोषने गाडी परत फिरवली.

कामशेतच्या जवळपास मावशींनी डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं.

"अश्विनी कुटं हाय?"

"घरी पोचली, मावशी."

"पोचली?"

"पोचली."

"बरं," म्हणाल्या, आणि परत झोपल्या.